वास घेतल्याशिवाय गठ्ठा बांधायचा नाही

सुमनवहिनी गेली त्याच्या आधीच्या रविवारी तिचा मला डोंबिवलीला फोन आला. "मंदे, जेवायला इकडेच ये. आणि रघुनाथला निरोप दे. त्यालाही ये म्हणावं." रघुनाथ शेलार म्हणजे तिच्या लाँड्रीत कित्येक वर्षं वॉशिंग मशीन आणि ड्रायर चालवणारा माणूस. आता तो कल्याणला असतो. लाँड्रीतून त्याला काढून टाकल्यानंतर दोघांची भेट झालेली नव्हती, त्यामुळे तो येईल की नाही याची मला शंकाच होती. पण आला. अंघोळ करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. निखिलच्या, म्हणजे वहिनीच्या मुलाच्या, घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये वहिनी दिवाणावर उशीला टेकून बसली होती. लाँड्रीत तिच्याबरोबर सुरुवातीपासून काम करणारी हिराबाईही कळव्याहून आलेली होती. वहिनीने रघुनाथला पोरांच्या शाळेचं विचारलं, आईच्या गुडघ्यांचं विचारलं, मला चिकू कापायला लावले. तो एकेक फोड तोंडात टाकत होता आणि वहिनीकडे बघत होता. वहिनी खिडकीच्या ग्रिलकडे बघत होती. मग विचारण्यासारखं काही उरलं नाही... तरी तो बराच वेळ बसून राहिला. शेवटी उठला. "येतो वहिनी." "ये हो. जपून जा." दार लागलं तशी हिराबाई स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून उगाचच बश्या घासत बसली. वहिनी म्हणाली, "बोलायचं ते राहिलंच गो, मंदे." मी म्हटलं, "हाक मारू का? लिफ्टपाशीच असेल." "नको... राहू दे." मला वाटलं, आजारी माणूस, विसरली असेल काहीतरी. त्याच आठवड्यात एका सकाळी मी मटकीला मोड आलेत का बघत होते आणि निखिलचा फोन आला. "आत्या, आई गेली." झोपेतच हृदय बंद पडलं होतं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. या पुरवणीत मी अधूनमधून लिहीत असते, म्हणून वहिनीवर लिहायचं माझं मीच ठरवलं आणि एक लेख लिहूनही झाला. गोड लेख होता. तिचे कष्ट, तिचा हजरजबाबीपणा, तिच्या हातची आंबोळी, सगळं होतं त्यात. पाठवणार तेवढ्यात हिराबाई माझ्याकडे आली, दुपारभर बसली, आणि ती गेल्यावर मला तो लेख पाठववेना. दोनेक वर्षांमागे वहिनीच्या लाँड्रीत आग लागली होती. ती रघुनाथच्या निष्काळजीपणामुळे लागली असं सगळ्यांनी धरलं, त्याचं काम गेलं आणि ठाण्यातल्या कुठल्याही लाँड्रीत त्याला पुन्हा कोणी उभं करेना. हिराबाईने मला सांगितलं की चूक रघुनाथची नव्हती, वहिनीची होती, आणि वहिनीला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आता रघुनाथला मोकळं करायचं तर वहिनीला पुढे उभं करावं लागतं, आणि ती तर उत्तर द्यायलाही नाही. मला तिचा राग येतो. जिवंत माणसावर रागावलं तर भांडून मोकळं होता येतं, गेलेल्या माणसावरच्या रागाचं काय करायचं तेच कळत नाही. तरी सगळं क्रमाने सांगते.

वहिनी राजापूरकडची. लग्न होऊन आमच्या कोपरीच्या चाळीत आली तेव्हा मी शाळेत जात होते. एरवी मला ती मंदा म्हणायची, लाडात आली की मंदे, आणि रागावली की वन्सं. "वन्सं, ताट उचला आपलं" असं कानावर आलं की समजायचं, आज काही खरं नाही. दादा वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला आणि दादा घरी बसला. घरातला रेडिओ उघडायचा, पुसायचा आणि त्याचे स्क्रू परत लावायचा, एवढंच दिवसभर. वहिनीने घरात कोणाला न विचारता स्टेशनजवळच्या एका हॉटेलमालकाला गाठलं. त्याच्या वेटरांचे शर्ट तिने येताजाता पाहिले होते, कॉलर काळी आणि खिशाला रश्शाचे ओघळ. ती त्याला म्हणाली, "जेवण चांगलं आहे हो तुमचं, पण वाढणाऱ्याकडे बघून भूक मरते." मालक चिडायचं सोडून हसला, आणि दुसऱ्या दिवशी शर्टांचं आणि ॲप्रनांचं एक गाठोडं आमच्या दारात येऊन पडलं. चाळीच्या मोरीत मोठ्या पातेल्यात सोडा घालून ती ते उकळायची. गरम मसाला, तेल आणि सोडा यांचा मिळून असा काही वास सुटायचा की शेजारचे विचारायचे, आज काय बेत आहे? हिराबाई तेव्हाच तिच्याकडे आली. ती कळव्याहून यायची, दोघी मिळून पिळे घालायच्या, आणि दोघींपैकी कोणाचं तोंड जास्त चालतं हे आम्हाला कधी ठरवता आलं नाही.

पुढे टेबलक्लॉथ येऊ लागले. पांढरे, मोठाले, आणि प्रत्येकावर कोणाची ना कोणाची सांडलेली ग्रेव्ही. एकदा सुट्टी म्हणून मी मदतीला बसले आणि उत्साहाने सगळ्यांना साबण चोळला. बघता बघता सगळे पिवळे डाग लालभडक झाले. साबण लागला की हळद लाल होते हे कुठल्याही घरात माहीत असतं, पण एवढे टेबलक्लॉथ एकदम लाल झालेले बघून मला रडूच फुटलं. वहिनी हसत सुटली. "हळद माणसांना भीत नाय गो, उन्हाला भिते," म्हणाली, आणि सगळे ओले पिळे घेऊन मला गच्चीवर पाठवलं. संध्याकाळपर्यंत डाग फिके झाले, दुसऱ्या उन्हात गेले. पुढे वागळे इस्टेटमध्ये गाळा घ्यायची वेळ आली तेव्हा दादा तळमजला शोधत होता आणि वहिनी वरचा मजला धरून बसली होती, ती याच गच्चीसाठी. वरचा मजलाच मिळाला. दादाने जुनी मशिनं आणून जोडली आणि तो परत माणसात आला. दादा गेल्यावर मशिनं रघुनाथच्या हाती आली. तो साताऱ्याकडून आलेला, कमी बोलणारा, मशीनच्या आवाजावरून आत काय चाललंय ते ओळखणारा. वहिनी म्हणायची, माझा एक मुलगा ऑफिसात जातो आणि एक ड्रायरपाशी उभा असतो.

आता तिच्या नाकाविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथेच येऊन ठेपतं. हॉटेलच्या कपड्यांत युनिफॉर्म असतात, नॅपकिन असतात, पण सगळ्यांत वाईट जात असते ती डस्टरची. स्वयंपाकघरात तवा, ओटा, हात, सगळं ज्याने पुसतात त्या फडक्याला या धंद्यात डस्टर म्हणतात. तो तेल पिऊन बसलेला असतो. एका धुण्यात दिसायला स्वच्छ होतो, पण तेल धाग्यात तसंच राहतं. असे डस्टर ड्रायरमध्ये तापवून एकावर एक रचले, तर वरून हाताला गार लागतात आणि आतमध्ये ऊब धरून ठेवतात. ती ऊब आपली आपण वाढत जाते आणि काडी न लावता गठ्ठा आतून जळायला लागतो. ऐकलं तेव्हा मला थाप वाटली होती. पण सुरुवातीच्या काळात वहिनीला एका गठ्ठ्याच्या मधोमध तपकिरी, करपलेला डस्टर सापडला होता, आणि तेव्हापासून तिने नियम घातला. डस्टर धुऊन झाले की रघुनाथने त्यातला एक तिच्याकडे आणायचा. तिने वास घ्यायचा. तेलाचा जरा जरी वास आला तरी परत कढत पाण्यात. नाही आला तरच ड्रायर, मग टेबलावर पसरून गार करायचं, मगच रचायचं. आणि सरतेशेवटी, माल टेम्पोत चढण्याआधी, दाराशी स्टुलावर बसून ती प्रत्येक गठ्ठ्यात मधोमध नाक घालायची. वास घेतल्याशिवाय गठ्ठा बांधायचा नाही.

तिच्या नाकाची ख्याती सगळ्या इमारतीत होती. हॉटेलांचे मॅनेजर कपडे मोजून घ्यायचे पण वास बघायचे नाहीत, वहिनींनी बघितलाय म्हटल्यावर संपलं. माझ्या घरात पाऊल टाकलं की चप्पल काढता काढता सांगायची, "मंदे, भांडी पुसायचं फडकं ओलंच घडी केलंस ना?" मी वैतागायचे. "तू पोलिसांत जा, त्यांना तुझा उपयोग होईल," असं मी तिला कितीदा म्हटलं असेल. ती ते मनावर न घेता सरळ स्वयंपाकघरात जाऊन फडकं बाहेर दोरीवर टाकायची.

त्या साथीच्या वर्षात तिला ताप आला, तोंडाची चव गेली, वास गेला. तसा तो घरोघरी गेला होता आणि बहुतेकांचा परत आला. वहिनीने आम्हाला सांगितलं, माझाही आला. तो आला नव्हता... कधीच आला नाही. आता मागे वळून बघितलं की कितीतरी गोष्टी दिसतात. दूध उतू जाऊन करपायचं आणि ती शेजारच्या खोलीत पेपर वाचत असायची. आमटीत हिंग इतका पडायचा की निखिलची बायको गुपचूप पाणी वाढवायची. आम्ही म्हणायचो, वय झालं, ऐकू कमी येतं. ऐकू तिला चांगलं येत होतं. गणपतीत तिने केवड्याचं पान हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि "अहाहा" म्हणाली, तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आहे. तो खोटा होता हे आता कळल्यावर मला तिची इतकी कीव येते की राग थोडा वेळ बाजूला राहतो.

लपवलं कशासाठी, तर लाँड्रीसाठी. निखिल पहिल्यापासून मागे लागला होता की गाळा विकून टाक, आता आराम कर. तो वाईट मुलगा नाही, त्याला आईचे सुजलेले पाय बघवत नव्हते. वास येत नाही हे कळलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी कुलूप लावलं असतं, आणि वहिनीला घरात दिवाणावर बसून दिवस काढायची भीती होती, दादाला रेडिओ उघडून बसलेला तिने पाहिला होता. म्हणून तिने फक्त हिराबाईला सांगितलं आणि शपथ घातली. दोघींनी एक युक्ती काढली. धुतलेला डस्टर आधी हिराबाईच्या हातात यायचा. ती नेहमीसारखी झटकायची, घडी बघायची आणि तेवढ्यात वास घ्यायची. ठीक असेल तर तशीच पुढे द्यायची. तेलकट असेल तर देताना पदर खोचायची. वहिनी सगळ्यांदेखत वास घ्यायची, डोळे मिटायची आणि हिराबाईचा पदर बघून निकाल द्यायची. हिराबाई मला म्हणाली, "ताई, सुरुवातीला आम्ही हसायचो ओ. नाटक करतो असं वाटायचं. कोणाचं काय बिघडत होतं? कपडा तर चांगलाच जायचा." ते खरंही होतं. हिराबाई रोज येत होती तोवर कोणाचं काहीच बिघडत नव्हतं.

एक दिवस ती आली नाही. तिच्या पुतणीचं लग्न होतं, कळव्याच्या बुद्धविहारात. तिने वहिनीला बजावून ठेवलं होतं की आज डस्टर काढू नका, उद्या मी आल्यावर बघू. वहिनीने मान डोलावली. पण त्याच दिवशी एका मोठ्या हॉटेलने डस्टरची पोती पाठवली आणि सकाळी पाहिजेत म्हणून सांगितलं. रघुनाथने ते धुतले आणि नियमाप्रमाणे एक घेऊन वहिनीपुढे गेला. वहिनीने वास घेतला, डोळे मिटले... पदर बघायला समोर कोणी नव्हतं. "चालेल. टाक ड्रायरला." रघुनाथ घुटमळला. दिवसभर सोड्याच्या वाफेत उभं राहून त्याच्या नाकाला काही कळायचं नाही, पण हाताला कळायचं. तो म्हणाला, "वहिनी, बुळबुळीत लागतंय. अजून एक पाणी देतो." आणि वहिनी त्याच्यावर उखडली. "नाक माझं की तुझं? टाक म्हटलं ना!" हे सगळं तिने स्वतः नंतर हिराबाईला सांगितलं, शब्द न् शब्द. रघुनाथने डस्टर ड्रायरला टाकले, टेबलावर पसरले, गार केले, मगच रचले. त्याने सगळं नियमाप्रमाणे केलं. वहिनीने एकेका गठ्ठ्यात नाक घातलं आणि गाठ मारली.

पहाटे वॉचमनला धूर दिसला. सुदैवाने आत माणूस नव्हतं. टेबलक्लॉथ इस्त्री करायचा रोलर जळाला, छत काळं झालं, हॉटेलांचे धुऊन ठेवलेले सगळे कपडे गेले. सकाळी मी पोचले तेव्हा वहिनी पॅसेजमध्ये स्टुलावर बसली होती आणि भोवती इमारतीतले सगळे गाळेवाले जमले होते. आग डस्टरच्या गठ्ठ्यांतून सुरू झाली हे जळलेल्या जागेवरून दिसतच होतं. कोणीतरी म्हणालं, गरम गरम रचले असणार. निखिल रघुनाथच्या अंगावर ओरडला. रघुनाथचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो म्हणाला, "मी गार केलेले. तेल राहिलेलं त्यात. मी वहिनींना बोललो होतो, वहिनींनी वास घेतला, चालेल बोलल्या. विचारा त्यांना." सगळे हसले. हो, हसले. वहिनींचं नाक चुकलं म्हणे! तिच्याविषयीच्या इतक्या वर्षांच्या विश्वासाने त्या माणसाला तिथल्या तिथे खोटं पाडलं. तरी निखिलने आईला विचारलं, "आई, हा म्हणतो ते खरं आहे का?" वहिनी खाली बघत म्हणाली, "राहिले असतील गरम." मी तिथेच उभी होते. मी ऐकलं, आणि मलाही ते खरंच वाटलं, कारण ती बोलली होती.

निखिलने रघुनाथला त्याच दिवशी जायला सांगितलं. वागळे इस्टेटमध्ये बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि जिथे कापड आणि उष्णता एकत्र असते तिथे असल्या माणसाला कोण घेईल? त्याला लोक आगलाव्या म्हणू लागले. तो कोपरीतली खोली सोडून कल्याणला गेला. तिथे एका मंगल कार्यालयात खुर्च्यांना कव्हरं चढवतो आणि कार्य झालं की काढतो. कव्हरं धुवायला दुसरा माणूस आहे. लाँड्री महिन्या-दोन महिन्यांनी परत सुरू झाली, लहानशी, आणि वहिनी पुन्हा स्टुलावर बसू लागली. पण वास घेणं तिने बंद केलं. सर्दी होते, असं सांगून ते काम उघडपणे हिराबाईला देऊन टाकलं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी एवढं लपवलं, ती सोडून द्यायला तिला शेवटी एक सर्दी पुरली. हिराबाई तिला रोज म्हणायची, वहिनी, सांगून टाका. वहिनी म्हणायची, सांगते, येत्या रविवारी सांगते. तो रविवार आला तेव्हा तिने चिकू कापायला लावले.

हिराबाई हे सगळं सांगताना माझ्या बाल्कनीत जमिनीवर बसली होती, खुर्ची दिली तर घेईना. "मी त्या दिवशी लग्नाला गेलेली नसते तर झालंच नसतं ओ ताई," असं म्हणत रडत होती. मी तिला म्हटलं, पुतणीच्या लग्नाला जाणं हा काय गुन्हा आहे? मग मी निखिलला फोन केला. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "आत्या, आई गेली आता. आता कशाला?" मी म्हटलं, "अरे, रघुनाथ आहे ना अजून." तो चिडला. "म्हणजे पेपरात छापणार? आईनं आयुष्यभर कमावलं ते एका लेखात घालवणार तू?" मी फोन ठेवला आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाही. वहिनी मला आईसारखी होती. माझी फी तिने त्या उकळत्या पातेल्यातून काढली होती. तिच्याविरुद्ध बोलणारी मी कोण, असं एकदा वाटायचं, आणि पुढच्या क्षणाला रघुनाथचा तो इस्त्रीचा शर्ट आठवायचा. माफी ऐकायला आलेला माणूस किती नीट कपडे घालून आला होता!

शेवटी हिराबाईला घेऊन मी कल्याणला गेले. मंगल कार्यालयात त्या दिवशी कार्य नव्हतं. रघुनाथ रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या रचत होता. मी सगळं सांगितलं, हिराबाईने मान खाली घालून हो म्हटलं. मला वाटलं होतं, तो म्हणेल, जाऊ द्या ताई, झालं ते झालं. आपल्याला अशा वेळी समोरच्याने मोठ्या मनाने वागावं असं फार वाटत असतं. तो तसं काही म्हणाला नाही. त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली. "मला वाटलेलं त्या दिवशी बोलतील. मी बायकोला सांगून आलेलो, आज सगळं मिटणार म्हणून. चिकू खाऊन परत गेलो." मग हिराबाईकडे वळून म्हणाला, "आणि तुम्ही? तुम्हाला माहीत होतं. माझ्या पोराला शाळेत काय काय बोलायचे माहितीये?" हिराबाईने मान वर केली नाही. मी म्हटलं, रघुनाथ, मी पेपरात लिहिणार आहे, तुझ्या नावासकट, सगळं. तो पहिल्यांदाच थोडंसं हसला, कडवट. "पेपर कोण वाचतो ताई तिथं? लिहा, लिहायचं तर. पण गाळ्याखाली चहाची टपरी आहे ना, तिथं जाऊन सांगा. मी आगलाव्या आहे हे तिथंच ठरलेलं."

मी निखिलला एवढंच सांगितलं की मला तिथे जायचंय, सोडतोस का. तो आला. इमारतीच्या फाटकाशी गाडी थांबवली आणि म्हणाला, "मी पार्किंग बघतो." मला कळलं की त्याला पार्किंग बराच वेळ मिळणार नाही. दुपारच्या जेवणानंतरची वेळ होती, टपरीवर गर्दी होती. टेम्पोवाले, वरच्या छापखान्यातली माणसं, शेजारच्या गाळ्यातले दोघं, बहुतेक सगळे त्या सकाळी पॅसेजमध्ये उभे असलेले. मी आयुष्यभर वर्गात शिकवलं, आवाज काढायची मला सवय आहे. मी टपरीवाल्याला म्हटलं, "दादा, जरा ऐका. सगळेच ऐका." आणि सांगितलं. आग रघुनाथमुळे लागली नव्हती. त्याने कपडे गार करून रचले होते. त्याने तेल राहिलंय म्हणून सांगितलंही होतं. वहिनीला वास येत नव्हता, आजारापासून येत नव्हता, आणि तिने ते लपवलं होतं. गाळ्यातल्या एकाने हातातला ग्लास खाली ठेवला. टपरीवाला म्हातारा आहे, वहिनी गेली त्या दिवशी त्याने टपरी बंद ठेवली होती. तो माझ्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "मग त्या दिवशी वहिनी खोटं बोलल्या?"

मी "हो" म्हटलं.

त्याने मान खाली घातली. गॅस मोठा केला, लहान पातेल्यात नवा चहा उकळला, एका ग्लासात ओतला आणि माझ्यापुढे धरला. पहिल्या घोटाला कळलं, त्यात साखर नव्हती. मी गोड चहा पिते. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून वहिनीसाठी तो वेगळा चहा करायचा, आणि आमच्या घरचं कोणी समोर उभं राहिल्यावर त्याच्या हाताने तोच केला. त्याला ते कळलंही नव्हतं. मी साखर मागितली नाही. त्या सगळ्यांच्या समोर उभी राहून मी तो चहा शेवटपर्यंत प्यायले.